आपुलकीचा आकडा

रेवतीचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता आणि कुंदाचा एकतीस.

कुंदाने चष्मा ओढणीने पुसला आणि पुन्हा पाहिलं. मोबाईलवर तात्यांचा फोटो होता, त्याखाली त्यांच्या श्वासाच्या, नाडीच्या आणि झोपेच्या नेहमीच्या रेघा होत्या. आज त्या रेघांखाली एक नवीनच चौकट उगवली होती. तिचं नाव 'आपुलकी निर्देशांक'. घरातल्या आणि फोनवरच्या माणसांपैकी कोणामुळे तुमच्या ज्येष्ठांना किती बरं वाटतं, ते आता एका नजरेत पाहा, असं वर लिहिलेलं. रेवतीच्या नावापुढे हिरवं पान होतं. पोळ्या करायला येणाऱ्या पारूबाईंनासुद्धा चौसष्ट होते.

"पारूबाई," कुंदाने स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, "तुम्ही तात्यांशी काय बोलता हो?"

"मी? काय न्हाई. जाताना 'येते आबा' म्हनते."

आणि त्याचे चौसष्ट.

कुंदा कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिचे वडील डॉ. रंगराव डुबल, ज्यांना घरात तात्या म्हणत, सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतून लोक त्यांना गाईम्हशी दाखवायला घेऊन जात. एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर कोसळले. पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'हां' एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं असलं तरी हां, नको असलं तरी हां. कुंदाचं लग्न झालेलं नव्हतं, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने नोकरी सोडली. संध्याकाळी इमारतीतली मुलं शिकवणीला येत, तेवढाच तिचा बाहेरच्या जगाशी संबंध राहिला.

धाकटी रेवती मेलबर्नला असायची. तिथे तिला नवरा होता, मुलगा होता, हिशेब तपासनीसाची मोठी नोकरी होती. 'स्वरसेतू' नावाच्या टेलिफोन कंपनीची 'सोबत' ही सेवा तिनेच तिकडून बसवून घेतली. "मला इतक्या लांबून काहीच करता येत नाही गं ताई. निदान तात्या कसे आहेत ते दिसत तरी राहील," ती म्हणाली होती. त्यात वाईट काय होतं? कुंदा हो म्हणाली.

'सोबत'ची डबी भिंतीवर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. घरातला राऊटर ज्या रेडिओलहरी सोडतो त्या खोलीभर पसरतात आणि भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून परत येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती काही मिलिमीटर पुढे येते. हृदयाच्या ठोक्याने ती त्याहून खूपच कमी, जेमतेम कागदाच्या जाडीइतकी हलते. परत येणाऱ्या लहरीत तेवढ्या हालचालीनेही फरक पडतो आणि डबी तो टिपते. अंगाला काही चिकटवायला नको, कॅमेरा नको. प्रत्येकाची चालण्याची ढब वेगळी असल्यामुळे खोलीत कोण आलं आणि कोण गेलं तेही तिला ओळखता येतं.

"म्हणजे तात्यांना बरं नसलं तर आधी हिला कळणार," कुंदा म्हणाली.

"तुमच्या आधी कळणार, मॅडम," तंत्रज्ञ अभिमानाने म्हणाला.

आता त्या डबीला तात्यांच्या मनातलंही आधी कळू लागलं होतं.

तो एकतीसचा आकडा कुंदाच्या डोक्यातून जाईना. सकाळी तात्यांना पुसून काढताना, त्यांचे कपडे बदलताना, पेज भरवताना तो तिच्यासोबत असायचा. रेवती काय करत होती? दुपारी जेवणं झाली की फोन करायची. तात्या खुर्चीत रेलून बसलेले असायचे. रेवती मुलाचे फोटो दाखवायची, समुद्र दाखवायची, लहानपणीची एखादी आठवण काढायची. तात्यांच्या चेहऱ्याची जिवंत असलेली डावी बाजू हसायची. बस्स. त्याचे अठ्ठ्याऐंशी.

ती आठवणही बहुधा जीपची असायची. लसीकरणाच्या शिबिराला जाताना तात्या धाकटीला जीपमध्ये पुढे बसवून न्यायचे. कुंदाला कधी नेलं नाही. तू मोठी आहेस, आईला मदत कर. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तिचा तसा समज होता. आता फोनमधून रेवतीचा आवाज आला, "तात्या, ती ढेबेवाडीची म्हैस आठवते?" की कुंदा स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची.

तिने आकडा वाढवायचा प्रयत्न करून पाहिला. तात्यांना आवडते म्हणून बासुंदी केली. त्यांचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. आकडा तेहतीसवर गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा त्यांच्या आखडलेल्या खांद्याचा व्यायाम घेतला आणि तो एकोणतीसवर आला.

"तात्या," शेवटी तिने त्यांच्यासमोर स्टूल ओढून विचारलंच, "तुम्हाला माझा एवढा वैताग येतो का हो?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले.

ते सगळ्यालाच हां म्हणतात हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती उठून गॅलरीत गेली आणि खालच्या रिक्षा पाहत बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर रेवतीच्या फोनच्या वेळी तात्या झोपलेले असू लागले. कधी कराडची रेंज गेलेली असायची, कधी मोबाईल चार्जिंगला असायचा. "उद्या कर ना," कुंदा म्हणायची. उद्या आणखी काहीतरी व्हायचं. फोन न झाल्यामुळे रेवतीचा आकडा घसरेल अशी तिची अपेक्षा होती. तो घसरला नाही. अठ्ठ्याऐंशी तिथेच, हिरव्या पानासकट.

मग एके दिवशी दारात ज्येष्ठ नागरिकांच्या संरक्षण कक्षातून आलेल्या एक बाई उभ्या राहिल्या.

"आपण कुंदा डुबल? आपल्या वडिलांवर घरात बळजबरी होते अशी सूचना आहे."

"कोणाची?"

बाई थोड्या घुटमळल्या. "तसं पाहिलं तर तुमच्या नेटवर्कची. आणि तुमच्या बहिणीने तिला दुजोरा दिलाय."

त्या बाईंनी दाखवला तो संदेश कुंदाने उभ्याउभ्याच वाचला. 'आपल्या परिचयातील ज्येष्ठ व्यक्तीवर बळजबरी होत असण्याची दाट शक्यता आढळली आहे. संबंधित व्यक्ती: कुंदा डुबल. आपल्यालाही असे वाटते का?' खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. अडीअडचणीला कोणाला कळवायचं म्हणून कुंदानेच ज्या माणसांची नावं कंपनीला दिली होती, त्या सगळ्यांना तो गेला होता. वरच्या मजल्यावरच्या देशमाने वहिनींना, सोसायटीचे सेक्रेटरी जंगम यांना, तात्यांच्या डॉक्टरांना आणि रेवतीला. बाकीच्यांनी कुठलंच बटण दाबलं नव्हतं. रेवतीने हो दाबलं होतं.

त्या संध्याकाळी शिकवणीला एकही मूल आलं नाही.

रेवती आली ती सामान न उघडता, थेट तात्यांच्या पलंगापाशी. तिने त्यांच्या दंडावरची सुरकुतलेली कातडी उलटसुलट करून पाहिली. कुंदा दारात उभी राहून ते पाहत होती.

"वळ शोधतेयस का?"

"ताई, मला भांडायचं नाहीये. मी काही दिवस त्यांना पुण्याला घेऊन जाते. फ्लॅट भाड्याने घेतलाय. रजा काढलीय मी."

"तुला खरंच वाटतं मी तात्यांना मारते?"

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला फोन का लागू देत नव्हतीस?"

जे कारण होतं ते कुंदाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

तात्यांना गाडीत बसवताना तिने त्यांच्या पाठीशी उशी सरकवली. "येता ना लवकर?" ती म्हणाली. "हां," तात्या म्हणाले, आणि रेवतीने दार लावून घेतलं. आई गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच कुंदाला स्वतःपुरता कुकर लावावा लागला.

रेवतीने एक गोष्ट केली नाही. कुंदाचं नाव 'सोबत'मधून काढलं नाही. रागाच्या भरात ती विसरली असावी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये नवी डबी बसली आणि तात्यांच्या रेघा कुंदाच्या मोबाईलवर पुन्हा उमटू लागल्या. ती दिवसातून कितीदा ते उघडून पाहायची याला काही धरबंध राहिला नाही. पाहायची फक्त एक गोष्ट.

पहिले काही दिवस रेवती नव्वदवर होती. मग ऐंशी झाले. मग सत्तर. एका दुपारी पंचावन्न पाहिले तेव्हा कुंदाने स्वतःसाठी चहा टाकला आणि त्यात आलं किसलं. असं काही तिने तात्या पुण्याला गेल्यापासून केलं नव्हतं. चाळीस झाले त्या दिवशी ती बाजारात जाऊन फुलं घेऊन आली. पानाचा हिरवा रंग उडाला, मग पानच गेलं. समुद्र दाखवून झाला ना बाई, आता खरकटं काढ, ती मनाशी म्हणत होती. आपल्याला आनंद होतोय याची तिला जराशी शरम वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही.

आणि मग तिच्या मोबाईलवर तो संदेश आला. शब्द तेच होते. 'संबंधित व्यक्ती: रेवती डुबल. आपल्यालाही असे वाटते का?'

कुंदा जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मोबाईल तिने समोर ठेवला. हो आणि नाही, दोन्ही बटणं एकाच आकाराची होती. हो दाबलं की संरक्षण कक्षातल्या बाई पुण्यातल्या त्या फ्लॅटची बेल वाजवतील. रेवती दार उघडेल. शेजारच्या दारांतून माणसं डोकावतील. मग तात्या परत कराडला येतील, दुसरीकडे जाणार कुठे? तिने अंगठा 'हो'वर नेला. किती सोपं होतं. रेवतीलाही एवढंच सोपं वाटलं असणार.

पण अंगठा तिथे असतानाच तिला एक प्रश्न पडला. रेवतीने तात्यांना मारणं शक्य नव्हतं. रेवतीवर तिचा कितीही राग असला तरी हे तिला ठाऊक होतं, जसं पाणी उताराकडे जातं हे ठाऊक असतं. मग डबीला दिसलं ते काय?

तिने एकही बटण दाबलं नाही. पर्स घेतली आणि पुण्याची एसटी पकडली.

फ्लॅटचं दार उघडंच होतं. आत तात्या खुर्चीत बसले होते आणि रेवती त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून खांद्यातून वर उचलत होती. तात्या तोंड वाकडं करून कण्हत होते, डाव्या हाताने तिला ढकलत होते. "एकदाच, तात्या, अजून एकदाच," रेवती म्हणत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. केस विस्कटलेले, गाऊनवर पेजेचे डाग. मेलबर्नच्या फोनमधली ती बाई कुठे दिसत नव्हती.

"कोपर धर," कुंदा दारातूनच म्हणाली. "मनगटाने उचललंस तर जास्त दुखतं त्यांना."

रेवतीने दचकून मागे पाहिलं. मग मुकाट्याने कोपराखाली हात घातला.

व्यायाम झाला. तात्यांना पलंगावर घेतलं. दोघी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कुंदाने मोबाईल तिच्यापुढे धरला. रेवतीने संदेश वाचला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"तू हो दाबलंस?"

"नाही."

"का?"

"दाबणार होते," कुंदा म्हणाली. "तुझा आकडा पडताना मी रोज बघत होते. बरं वाटत होतं मला."

रेवतीने मोबाईल तिच्या हातून घेऊन ओट्यावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "तिकडे मी ऑफिसला जाताना ट्राममध्ये ते हिरवं पान बघायचे. वाटायचं, ताई चोवीस तास त्यांच्याजवळ आहे, पण हे तरी माझं आहे. तू फोन देईनाशी झालीस तेव्हा वाटलं, तेही तुला सहन होत नाहीये."

"होतच नव्हतं," कुंदा म्हणाली.

आता काय झालं असेल ते दोघींच्याही ध्यानात आलं. तात्यांच्या खांद्याला हात लावणाऱ्या माणसाच्या जवळ त्यांची नाडी उसळत होती. फोनवर फोटो दाखवणाऱ्या माणसाच्या वेळी ती शांत असायची, कारण त्या वेळी ते खुर्चीत रेलून बसलेले असत. खांदा बदलला नव्हता. दुखवणारा हात बदलला होता.

दोघींनी मिळून कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचं पहिलं उत्तर यंत्राने लिहिलेलं होतं. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, 'सोबत' सेवा तीन महिने मोफत देण्यात येत आहे. दुसरं उत्तर माणसाने लिहिलं होतं, पण ते आणखी वाईट होतं. कंपनी केवळ लहरी वाहून नेते, त्यांचा अर्थ लावणारी प्रणाली दुसऱ्या संस्थेची आहे, सबब जबाबदारी आमची नाही.

रेवती हिशेब तपासणारी होती, तिला असल्या उत्तरांची सवय होती. माणसांच्या माहितीचं रक्षण करणारा, नुकताच आलेला विदा-हक्क कायदा तिने बसून वाचून काढला. त्यात साफ म्हटलं होतं की नेटवर्क ज्याचं, जबाबदारी त्याची. आणि नुसते पैसे देऊन मोकळं होता येणार नव्हतं. माहितीच्या वापराने माणसाचं जे नुकसान झालं ते जिथे झालं तिथे जाऊन भरून काढायचं होतं. काय केल्याने ते भरून निघेल हे ज्याचं नुकसान झालं त्याला आधी विचारायचं होतं.

विचारायला समीना मुजावर आल्या. त्या कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकारी, पन्नाशीच्या, मूळच्या मिरजेच्या. कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात भेट झाली तेव्हा त्यांच्या शेजारी प्रणाली बनवणाऱ्या संस्थेचा एक अभियंताही बसला होता. सूचना कशी तयार झाली ते त्याने सांगितलं. प्रणालीला शिकवण्यासाठी ज्या घरांतली माहिती वापरली ती बहुतेक हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांची घरं होती. त्या घरांत एकाने दुसऱ्याचा हात धरून ठेवलाय, धरलेला माणूस कण्हतोय, सुटायला बघतोय आणि त्याची नाडी वाढलीय, असं दिसलं की ती बळजबरीच असायची. पक्षाघात झालेल्या माणसाचा व्यायाम तिने कधी पाहिलाच नव्हता.

"आणि नाडी वाढली म्हणजे माणूस नावडता, हे कोणी ठरवलं?" कुंदाने विचारलं.

अभियंता म्हणाला, "शांत श्वास म्हणजे समाधान, असं आम्ही गृहीत धरलं होतं."

"माझे वडील जनावरांचे डॉक्टर. ते म्हणायचे, पेंडीची बादली दिसली तरी गाईचं काळीज उडतं आणि सुई दिसली तरी उडतं. नुसती नाडी बघून औषध दिलं तर गाय दगावेल." कुंदाचा आवाज चढला. "तुम्ही माझ्या घरात येऊन नुसती नाडी बघितलीत आणि सगळ्या गावाला औषध वाटलंत."

अभियंत्याने खाली पाहिलं. मुजावर मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय, कुंदाताई? रक्कम तर कंपनी देईलच."

यावर दोघी बहिणी आधीच बोलल्या होत्या. "एक म्हणजे," रेवती म्हणाली, "हा आकडा सगळ्यांच्या मोबाईलवरून काढून टाका. आणि आमच्यासारख्या जेवढ्या घरांत अशी सूचना गेली त्या प्रत्येक घरी माणूस पाठवून बघा की खरं काय आहे. काही घरांत खरीही निघेल. ती सोडून देऊ नका."

"आणि दुसरं," कुंदा म्हणाली, "ज्या ज्या माणसाला तुम्ही माझ्याबद्दल सांगितलंत, त्याच्या दारात जाऊन सांगा की ते खोटं होतं. मेसेज नको. तुम्ही स्वतः या. मी बरोबर असेन."

कंपनीच्या वकिलाला हे पसंत पडलं नाही. मुजावर मॅडम मात्र आल्या. कराडच्या त्या इमारतीचा जिना चढताना त्यांना धाप लागत होती, कारण लिफ्ट बंद होती. पहिलं दार देशमाने वहिनींचं.

"मी स्वरसेतू कंपनीकडून आलेय. आम्ही तुम्हाला यांच्याबद्दल जे कळवलं होतं ते चूक होतं. या वडिलांचा व्यायाम घेत होत्या. आमच्या यंत्राला ते कळलं नाही. मी माफी मागायला आलेय."

"अगं बाई, आम्ही कुठे काय मनावर घेतलं होतं!" वहिनी लगबगीने म्हणाल्या. "कुंदाला काय आम्ही आज ओळखतो?"

"मग तुमची सायली शिकवणीला यायची का थांबली?" कुंदाने विचारलं.

वहिनींनी पदर सारखा केला. "उद्यापासून पाठवते हं," त्या हळूच म्हणाल्या.

तात्यांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुंदाकडे वळून म्हणाले, "मी तेव्हाच 'नाही'चं बटण दाबायला हवं होतं. तो व्यायाम मीच सांगितला होता. कोण त्या भानगडीत पडतं म्हणून गप्प बसलो." कुंदाला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं.

जंगम मात्र दारातच उभे राहिले. "मशीनला काय कुणाशी वैर असतं का?"

"वैर नसतं, साहेब. चूक असते. ती आमची होती."

"आता कंपनीनं तुम्हाला असंच बोलायला पाठवलं असणार," जंगम म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

जिन्यात मुजावर मॅडम कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "यांच्याकडे मला परत यावं लागेल. निवारण झालं असं तुम्ही म्हणाल तेव्हाच हे काम संपतं."

"मग ते संपणार नाही," कुंदा म्हणाली. "यांना काही वाटो. पण जिन्यात कोणी माझ्याकडे बघून आवाज खाली केला की मला आता कळतं."

"मग मी येत राहीन," मुजावर मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दिलासा देण्याचा आव नव्हता, आणि त्यामुळेच कुंदाला ते खरं वाटलं.

तोवर तात्या आणि रेवती कराडला परतले होते. घरात आल्यावर चहा झाला. मग मुजावर मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, "अजून एक राहिलंय. तुमच्या घरची सगळी मोजणी आम्ही नव्याने तपासली. व्यायाम, आंघोळ, कपडे बदलणं, सगळं वगळून. दोघींचे आकडे काय येतात ते माझ्याकडे आहे. माहिती तुमची आहे. हवं असेल तर सांगते, नको असेल तर इथेच पुसते."

पलंगावर तात्या डोळे मिटून पडले होते. रेवतीने कुंदाकडे पाहिलं, कुंदाने रेवतीकडे. नको म्हणणं शहाणपणाचं होतं हे दोघींनाही समजत होतं.

"सांगा," दोघी एकदमच म्हणाल्या.

"फरक नाही," मुजावर मॅडम म्हणाल्या. "म्हणजे सारखे आहेत असंही नाही. सांगताच येत नाही. आमच्या माणसांनी बरेच प्रयत्न केले. कोण जास्त आवडतं हे या लहरींना कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

कुंदाला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला हायसं वाटेल. झालं उलटंच. इतके महिने ती निकालाची वाट पाहत होती आणि निकाल नव्हताच. तिला सुटका नको होती. तिला जिंकायचं होतं. तिने वर पाहिलं तर रेवतीच्या तोंडावर अगदी तीच निराशा होती. ती इतकी उघडी होती की कुंदाला हसूच फुटलं. रेवतीला आधी राग आला, मग तीही हसू लागली. मुजावर मॅडमना काही कळेना. त्यांनी दोघींदेखत सगळी मोजणी पुसली आणि डबी भिंतीवरून काढून घेतली.

रेवतीने रजा वाढवून घेतली. ती किती दिवस राहणार हे कुंदाने विचारलं नाही, आणि तात्यांचं दुपारचं जेवण कोण भरवणार यावरून दोघींची जवळजवळ रोज कुरबुर होत राहिली.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले की आता तात्यांना उभं करून चालवून बघायला हरकत नाही. दोन माणसं लागतील, दोन्ही बाजूंना. दोघींनी तात्यांना उभं केलं. रेवती डाव्या बाजूला होती. तात्यांनी चांगल्या हाताने तिची बोटं घट्ट आवळून धरली, इतकी घट्ट की तिच्या नखांचा रंग गेला. उजवीकडे कुंदा होती. तिच्या हातात जो हात आला तो गार होता आणि त्याला काही धरता येत नव्हतं.

कुंदाचं लक्ष त्या आवळलेल्या बोटांवर गेलं. तिला ती जीप आठवली.

"एक पाऊल, तात्या," रेवती म्हणाली.

तात्यांनी डावा पाय उचलला. त्याबरोबर त्यांचा तोल उजवीकडे गेला आणि सगळं अंग कुंदावर आलं. त्यांचं डोकं तिच्या मानेशी टेकलं, दाढीचे खुंट तिला टोचले, त्यांच्या काळजाची धडधड तिला ओढणीतून जाणवली. तिने त्यांच्या कमरेला घातलेला हात सोडला नाही. उजवा पाय पुढे सरकला. मग पुन्हा डावा, आणि पुन्हा ते सगळं ओझं. खिडकीपर्यंत पोचता पोचता ती घामाने भिजली होती.

"ताई, फार वजन येतंय तुझ्यावर," रेवती म्हणाली. "परत जाताना बाजू बदलूया. मी घेते तिकडून."

"नको," कुंदा म्हणाली.

"अगं, थोडा वेळ तरी."

"नको म्हटलं ना," कुंदा म्हणाली. तिने पाय रोवले आणि तात्यांना आणखी जवळ ओढून घेतलं. "ही बाजू माझी आहे."